शंभर ग्रॅम कुणाच्या नावावर मांडायचे?

लाल_माती

विनेश फोगटच्या वेळी सगळा देश दोन दिवसांत कुस्तीचा पंच झाला होता. आता धुरळा बसलाय, म्हणून हा धागा काढतोय. विषय एकट्या विनेशचा नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण एरवी तालमीच्या आत राहणारं सगळं तिच्या वेळी उजेडात आलं.

६ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, कुस्तीचा ५० किलो गट. पहिल्याच कुस्तीला समोर जपानची युई सुसाकी. टोकियोची सुवर्णविजेती, तोवर परदेशी मल्लाकडून एकदाही न हरलेली. विनेशने शेवटच्या काही सेकंदांत तिच्यावर बाजी उलटवली. मग युक्रेनची लिवाच, मग क्युबाची गुझमान लोपेझ. एका दिवसात तीन कुस्त्या. सकाळच्या वजनात ती व्यवस्थित बसली होती. पण तीन कुस्त्या मारायच्या तर पाणी लागतं, पोटात काहीतरी लागतं. संध्याकाळी काटा दोन-अडीच किलोंच्या वर गेलेला. रात्रभर धावणं, सौना, शेवटी केससुद्धा कापले. सकाळी शंभर ग्रॅम जास्त. दुसऱ्या दिवशीच्या वजनात नापास झालं की आदल्या दिवशी मारलेल्या कुस्त्याही जातात आणि नाव यादीत सगळ्यात खाली लागतं. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला अपील फेटाळलं.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. मला खटकलं ते नंतरचं. भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी जाहीर केलं की वजन सांभाळणं ही खेळाडूची आणि तिच्या प्रशिक्षकाची जबाबदारी, संघटनेने नेमलेल्या वैद्यकीय पथकाची नाही. कागदावर बरोबर असेलही. पण निकालाच्या पाटीवर प्रशिक्षकाचं नाव कुठे असतं? तिथे एकच नाव, विनेशचं.

मी वाढलो करी रोडला. किशोर गटाच्या कबड्डीआधी पोरं मे महिन्याच्या उन्हात स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायची. एक जण च्युइंगगम चघळत सारखा थुंकायचा. लाळ गेली की तेवढंच वजन गेलं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. काट्यावर बसला तर पाठीवर थाप, नाही बसला तर चारचौघांत शिव्या. त्या पोराला त्या गटात खेळवायचं कुणी ठरवलं, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

तर प्रश्न असा: वरच्या पातळीवरच्या खेळात जोखीम ठरवणारे अनेक असतात, मग ती चुकली की भरपाई एकट्या खेळाडूच्या अंगातून का?

खडूस_दादरकर

भावना पोचल्या. पण काटा सगळ्यांना एकच आहे हो. त्याच सकाळी अमेरिकेची सारा हिल्डब्रँटही उभी राहिली, बसली आणि सुवर्ण घेऊन गेली. शंभर सोडा म्हटलं की दोनशेवाली म्हणणार, मग मी काय घोडं मारलंय? रेष कुठेतरी मारावीच लागते. ५३ किलोंत अंतिम पंघाल या दुसऱ्या मल्ल मुलीने ऑलिम्पिकची जागा मिळवल्यावर ५० ला उतरायचा निर्णय विनेशचाच होता. तिला कुणी हात धरून नेलं नव्हतं.

लाल_माती

रेष हवीच, कुणी नाही म्हटलं? पण रेषा देवाने आखलेल्या नाहीत. कुस्तीतच काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांना दोन किलोंची सूट असते. ऑलिम्पिकला आणि जागतिक स्पर्धेला नसते.

अमेरिकेचं बघा. १९९७ मध्ये साधारण महिनाभरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन तोडताना मेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत सायकल मारत. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीने रबरी सूट आणि सौना बंद केले, वजन कुस्तीच्या जवळ आणलं आणि कुणी कमीत कमी किती वजनावर खेळायचं हे हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवायला लावलं. म्हणजे पोराने कितीही हट्ट केला, वस्तादाने कितीही रेटलं, तरी त्या आकड्याखाली उतरताच येत नाही. निर्णय एकट्या पोरावर सोडला नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आणि आपल्याकडे? पॅरिसलाच अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी रात्रीत साडेचार किलोंच्या वर वजन उतरवलं. पेपरांत कौतुकाच्या चौकटी आल्या. पुढच्या वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच १.७ किलोंनी जास्त भरला, तर महासंघाने वर्षाची बंदी घातली. नंतर ती उठवलीही. उतरलं तर वाघ, नाही उतरलं तर बेशिस्त.

औषधाची_चिठ्ठी

माझं गोरेगावात औषधांचं दुकान आहे. वजनाचा विषय निघालाय म्हणून सांगते. स्पर्धांच्या दिवसांत पोरं येतात. "ताई, ती पाणी काढायची गोळी द्या ना." चिठ्ठी कुठेय? "सरांनी सांगितलीय." चिठ्ठी नसते, सर नुसते तोंडी असतात.

ही गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड. हृदयाच्या, किडनीच्या रुग्णांना देतात. लघवीवाटे पाणी जातं, सोबत पोटॅशियम जातं आणि पोटॅशियम फार खाली आलं की हृदयाचे ठोके बिघडतात. रात्रभर न जेवलेल्या, घाम काढून काढून सुकलेल्या पोराला ती देणं म्हणजे काय, विचार करा. शिवाय ती उत्तेजकांच्या बंदी यादीत बारा महिने असते, स्पर्धा असो वा नसो. लघवी पातळ झाली की दुसरी औषधं लपतात, म्हणून. म्हणजे वजन उतरवायला घेतलेली गोळी पोराला सरळ डोपिंगमध्ये नेऊन बसवते. त्या दिवशी ‘सरांनी सांगितलीय’ हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं?

नियम असा आहे की नमुन्यात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. मुद्दाम घेतलं की नकळत, हा प्रश्न शिक्षा किती यापुरता. क्रिकेटवाला पृथ्वी शॉ आपलाच, शाळेच्या हॅरिस शिल्डमध्ये ५४६ काढणारा. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असतं, माझ्या मागच्या फळीवर आत्ता चार बाटल्या असतील. नकळत घेतलं हे बीसीसीआयने मान्य केलं, तरी आठ महिने बाहेर. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या नमुन्यात हायजेनामाइन निघालं, तिला २१ महिने. हे वनस्पतींतही असतं आणि पूरक पावडरींतही. डब्यावर दर वेळी छापलेलं असतंच असं नाही.

खडूस_दादरकर

ताई, खोकल्याचं औषध सगळ्यांच्या घरी असतं हे खरं. पण जरा आकडे घ्या. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, २०२४ च्या अहवालात भारताचे ७,११३ नमुने तपासले आणि २६० पॉझिटिव्ह आले, ३.६ टक्के. त्याआधीच्या वर्षी ५,६०६ मध्ये २१३. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत आपला वाटा सगळ्यात वर. एवढ्या सगळ्यांना खोकला झाला होता का? पदक म्हणजे रेल्वेत नोकरी, पोलिसात भरती, राज्यात पाच टक्के खेळाडू आरक्षण, दहावी-बारावीला वाढीव गुण. लोक हिशोब करून सुई टोचतात. तुम्ही सगळे मिळून त्यांना बिचारे करताय.

औषधाची_चिठ्ठी

बिचारे नाही करत. हिशोब करणारे आहेत, भरपूर आहेत. पण सुई विकणारा, टोचायला शिकवणारा आणि ‘या वर्षी पदक नाही तर पुढच्या वर्षी हॉस्टेल नाही’ म्हणणारा, हे त्या २६० मध्ये धरलेत का?

बाल्कनीतली

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मुलगी जिम्नॅस्टिक्स करते. राज्य पातळीपर्यंत गेलीय, राष्ट्रीय शिबिराचं स्वप्न आहे. व्यायामशाळेचं नाव घेत नाही, मुंबईतलीच आहे. तिथे भिंतीवर मुलींच्या वजनाचा तक्ता होता, शनिवारी भरायचा. वाढलेलं वजन लाल शाईने. त्या तक्त्याखाली चपला ठेवायचा रॅक, म्हणजे प्रत्येक पालक चपला काढता काढता वाचणार. शुक्रवारी रात्री माझी मुलगी जेवायची नाही. डबा तसाच परत यायचा, पोळीची घडीसुद्धा न मोडलेला.

मग पाळी बंद झाली. कित्येक महिने. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बरंच झालं की, सरावात खंड नाही." परळच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी केली आणि मला बाहेर बसवून आधी मुलीशी बोलल्या. नंतर मला समजावलं. खाणं कमी, मेहनत जास्त असं बरेच दिवस चाललं की शरीर एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडं, मग सगळंच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिलाय म्हणे. म्हणजे जगाला माहीत आहे, फक्त आमच्या भिंतीला माहीत नाही.

क्लास का नाही बदलला, असं सगळे विचारतात. निवडीची नावं ज्यांच्या हातून पुढे जातात त्यांच्याशी वैर घेऊन मुलीला कुठे नेऊ?

रुईया_नाका

बाल्कनीतली, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तो तक्ता काढायला लावा आधी. एकट्या जाऊ नका, चार पालक मिळून जा.

पॅव्हेलियन_एंड

थोडं अवांतर, पण दादरकरांच्या ‘नियम म्हणजे नियम’साठी. लंडन २०१२, बॅडमिंटन महिला दुहेरी. चीनची एक, कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक जोडी गटातला सामना मुद्दाम हरायला बघत होती, पुढे सोपी जोडी मिळावी म्हणून. सर्व्हिस सरळ जाळ्यात. प्रेक्षक हुर्यो करतायत आणि पंच काळं कार्ड दाखवतोय. आठही खेळाडू बाद. गंमत अशी की हरण्यात फायदा होईल अशी रचना संयोजकांनीच केली होती. पुढच्या ऑलिम्पिकला ती बदलली. बाद कोण झालं? खेळाडू. रचना करणाऱ्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र कुणी काढून घेतल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

त्याच स्पर्धेत ज्वाला-अश्विनीची उपांत्यपूर्व फेरी थोड्याशा गुणांनी हुकली होती. जपानची जोडीही मुद्दाम हरली अशी आपण तक्रार केली, ती फेटाळली गेली.

खडूस_दादरकर

त्या आठ जणींनी सर्व्हिस जाळ्यात मारली ती स्वतःच्याच हाताने ना? पण रचनेचा मुद्दा मान्य. अर्धा.

अनवाणी

मी हौशी धावणारा, मुंबई मॅरेथॉनपुरता. पण माझी एक मैत्रीण नाडाच्या, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नोंदणी यादीत होती, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. रोज कुठे झोपणार, कुठे सराव करणार आणि कुठला एक तास नक्की कुठे सापडणार, हे आधी भरून द्यायचं. त्या तासाला अधिकारी आला आणि तुम्ही नसलात तर एक ठिपका. बारा महिन्यांत असे तीन झाले की बंदी, अंगात काही सापडलेलं नसतानाही.

ती मावशीकडे चाळीत राहायची. तास दिलेला पहाटे पाच ते सहा, कारण नंतर मरीन लाइन्सच्या ट्रॅकवर पोचायचं आणि रविवारी मेगाब्लॉक असला की गाडीचा भरवसा नाही. एका पहाटे नाडाचे लोक आले. आता लघवीचा नमुना देताना बाई अधिकारी समोर उभी राहते, तसाच नियम आहे. आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. हातात डबडं घेऊन रांगेतले काका, मागे ओळखपत्रवाल्या दोन बाया, मध्ये ही. नमुना द्यायला पुरेशी लघवी होईना, म्हणून तासभर पाणी पीत गॅलरीत बसली. दुपारपर्यंत मजल्यावर बातमी: हिच्यावर केस झालीय.

तिची तक्रार चाचणीबद्दल नव्हती, हे मुद्दाम सांगतो. उलट म्हणायची, रोज येऊ देत, माझ्या शेजारच्या लेनमधलीकडे तर नक्की येऊ देत. तिचा राग वेगळा होता. हे फॉर्म कसे भरायचे हे शिकवायला महासंघातून कुणी आलं नव्हतं. इंग्रजी ॲप, चुकलं तर ठिपका तिच्याच नावावर.

कांदिवली_स्लो

नरसिंग यादवचं नाव अजून कसं आलं नाही? तीन वेळा महाराष्ट्र केसरी, कांदिवलीच्या साईत, म्हणजे सरकारी क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात, तालीम केलेला. २०१६ ला रिओसाठी ७४ किलोंत त्याचं नाव गेलं. सुशीलकुमारला निवडचाचणी हवी होती, वाद कोर्टात गेला. मग नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिएनोन, बंदी असलेलं स्टेरॉइड. त्याचं म्हणणं, माझ्या खाण्यापिण्यात मिसळलं. नाडाच्या समितीने ते मानलं आणि सोडला. तो रिओला पोचला. वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केलं. कुस्तीच्या आदल्या दिवशी निकाल: घातपाताचा पुरावा नाही, चार वर्षं बंदी.

खरं काय ते मला ठाऊक नाही आणि इथल्या कुणालाच नसणार, त्यामुळे त्यावर भांडू नये. मुद्दा असा की कुणीतरी मिसळलं, हे सिद्ध करायची जबाबदारीसुद्धा खेळाडूचीच. शिबिरातला स्वयंपाक सरकारी, खोल्या सरकारी आणि पुरावा गोळा करायचा पैलवानाने.

रुईया_नाका

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सबद्दल कुणी बोलणार का? टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून ती मध्येच बाहेर पडली, तेव्हा आमच्या ऑफिसात अर्धे लोक म्हणत होते, देशाला तोंडघशी पाडलं.

बाल्कनीतली

त्यावर मी बोलू शकते. हवेत असताना आपण कुठे आहोत, वर कुठलं, खाली कुठलं, हे तिला कळेनासं झालं होतं. तशात दोन गिरक्या घेऊन मानेवर पडली असती तर? माझ्या मुलीला एकदा साध्या उडीत असं झालं, नंतर कित्येक दिवस ती व्हॉल्टच्या टेबलाकडे बघायची नाही. बाइल्स थांबली, त्याच स्पर्धेत शेवटी बीमवर कांस्य घेतलं आणि पॅरिसला तीन सुवर्णं. तिच्या हातात आधीची पदकं होती, म्हणून तिला ‘नाही’ म्हणता आलं. इथली सोळा वर्षांची मुलगी कुणाला ‘नाही’ म्हणणार?

लाल_माती

धागा चांगला रंगलाय. दादरकरांना थोडं सविस्तर उत्तर देतो.

कामिला वालियेवा आठवा. बीजिंग २०२२, रशियाची स्केटर, वय पंधरा. नमुन्यात हृदयविकाराचं औषध. पंधरा वर्षांच्या पोरीने ते स्वतः शोधून आणलं असेल, असं दादरकरांनाही वाटणार नाही. बंदी कुणाला? तिला, चार वर्षं. पुढे स्केटिंगवाल्यांनी वरिष्ठ गटाचं किमान वय पंधरावरून सतरा केलं, ते चांगलंच झालं. पण तो डबा तिच्यापर्यंत कुणी पोचवला?

आणि हे अशक्य आहे असंही नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत तरतूद आहे की अल्पवयीन खेळाडू सापडला तर त्याच्या प्रशिक्षकाची, डॉक्टरची, सोबतच्या माणसांची चौकशी आपोआप सुरू व्हावी. कुणी तक्रार करायची वाट बघायची नाही. माझं मागणं एवढंच की हे ‘अल्पवयीन’ काढून टाका. कुणीही सापडला की चौकशी संपूर्ण गोतावळ्याची. आणि नाडाच्या बंदीच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे एक रकाना वाढवा: प्रशिक्षक कोण. त्याने गुन्हा केला असा अर्थ नाही. पण एकाच नावापुढे वर्षानुवर्षं पोरं सापडत असतील तर आईबापांना दिसायला नको?

खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती खेळले आणि लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. तरी त्यांनी कांस्य आणलं आणि नंतर आयुष्य पोलिसात काढलं, इथेच मुंबईला सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. तेव्हा अधिकारी नव्हतेच. आता पथकंच्या पथकं जातात, ब्लेझर घालून.

२०२३ च्या ऑक्टोबरात ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन आपल्याच बीकेसीत झालं, तिथे २०३६ च्या यजमानपदाची इच्छा जाहीर झाली. स्टेडियम होतील, त्याची मला चिंता नाही. त्या स्टेडियममध्ये उतरायची पोरं आज बालवाडीत, पहिलीत आहेत.

खडूस_दादरकर

रकान्याची कल्पना चांगली आहे, पण टिकणार नाही. एक तर प्रशिक्षक अब्रुनुकसानीचे दावे टाकतील. दुसरं, हुशार प्रशिक्षक कागदावर भाच्याचं नाव लावेल. मैदानात मी हे वयाच्या दाखल्यांबाबत पाहिलंय. चौदा वर्षांखालच्या सामन्यात दाढी केलेला फास्ट बोलर, आणि बाप सीमारेषेवर टाळ्या वाजवतोय. बोर्डाने हाडांची तपासणी आणली, तरी लोक पळवाटा शोधतातच. आणि तो बाप तुमच्या कुठल्या रकान्यात घालणार? गोतावळ्यात सगळ्यात आधी घरचे येतात.

लाल_माती

बाप पण घाला. मी कुठे नको म्हणतोय?

बाल्कनीतली

औषधाची_चिठ्ठी ताई, एक विचारायचं राहिलं. मुलीला पावसाळ्यात दम्याचा त्रास होतो, पंप घेते. पुढच्या महिन्यात निवड आहे. सर म्हणतात, पंप बंद कर, उगाच लफडं नको. बंद करू का?

औषधाची_चिठ्ठी

मुळीच नाही. सरांच्या सांगण्यावरून दम्याचा पंप बंद करायचा नसतो. पंपावर साल्ब्युटामॉल लिहिलंय का बघा. ओढायचा पंप ठरावीक मर्यादेत चालतो, दिवसाला १,६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या आत. नेब्युलायझरने मर्यादा सहज ओलांडली जाते, ते लागलं तर आधी डॉक्टरांशी बोला. पंपावर टर्ब्युटालिन लिहिलं असेल तर मात्र आधी परवानगीचा अर्ज लागतो, त्यासाठी डॉक्टरांचे कागद जोडावे लागतात. कफ सिरप माझ्याकडून असो की कुणाकडून, निवड होईपर्यंत घरात आणू नका. नाडाच्या साइटवर औषधाचं नाव टाकून तपासता येतं. तपासलंत की स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

खडूस_दादरकर

आणि पंप बंद कर म्हणणाऱ्या सरांना सांगा, हे एका कागदावर लिहून खाली सही करून द्या. करतात का बघू.

बाल्कनीतली

विचारते उद्या. तक्त्याचंही उद्याच विचारायचंय, आम्ही तिघीजणी जातोय.